‘सर्व्हर चालू आहे’ म्हणजे नेमके काय?
मोबाइल सिम्युलेटर, स्वयंचलन सर्व्हर आणि त्यांची प्रकृती-तपासणी

(जबलपूरच्या घमापूर भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य देशातील कोणत्याही तहसील कचेरीत, रास्त भाव दुकानात किंवा बँकेच्या खिडकीपाशी केव्हाही ऐकू येते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य विलक्षण आहे. नेमके काय बंद पडले, केव्हा पडले, हे कोणाच्या लक्षात आले होते आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, यांपैकी कशाचाही उलगडा त्यातून होत नाही. खिडकीबाहेर उभा असलेला माणूस त्या दिवसाची मजुरी बुडवून परत जातो. ती बुडालेली मजुरी सर्व्हर चालविणाऱ्या संस्थेच्या हिशेबात कोठेही नोंदली जात नाही. एकाच्या कृतीचा खर्च दुसऱ्यावर पडतो आणि किंमतीत तो दिसत नाही, याला अर्थशास्त्रात बाह्यता म्हणतात. पाठ्यपुस्तकात बाह्यतेचे उदाहरण म्हणून कारखान्याचा धूर दिलेला असतो. आजच्या भारतात खिडकीवरचे हे वाक्य तितकेच योग्य उदाहरण ठरेल.

या व्याख्यानाचा विषय त्याच प्रश्नाची एक आतली, सहसा नजरेस न येणारी बाजू आहे. नागरिकाच्या हाती पडण्यापूर्वी मोबाइलवरील प्रत्येक सेवा-अॅपची चाचणी व्हावी लागते. ही चाचणी पूर्वी माणसे हाताने करीत, पुढे ठरीव आज्ञावलींनी होऊ लागली आणि गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एजंट ती करू लागले आहेत. एजंट खरा मोबाइल हाती धरीत नाही. संगणकावर उभारलेल्या नकली मोबाइलवर, म्हणजे सिम्युलेटरवर, तो एका मध्यस्थ सर्व्हरच्या द्वारे काम करतो. हा मध्यस्थ सर्व्हर आणि त्यामागचा सिम्युलेटर ठीक आहेत की नाहीत हे कसे ओळखावे, असा हा प्रश्न आहे. वरकरणी तो तंत्रज्ञांपुरता वाटेल. परंतु तराजूच खोटा असेल तर त्यावर तोललेल्या मालाविषयी काय बोलावे? चाचणीचे साधन बिघडलेले असताना मिळालेला ‘उत्तीर्ण’ हा निर्णय सदोष अॅप लाखो लोकांपर्यंत पोहोचवितो आणि ‘अनुत्तीर्ण’ हा निर्णय चांगले अॅप अडकवून ठेवतो.

साखळीची रचना

प्रथम रचना समजून घेऊ. अँड्रॉइडचा एम्युलेटर संगणकाच्या आत एक संपूर्ण आभासी उपकरण उभे करतो आणि त्यावर अँड्रॉइड प्रणाली स्वतंत्रपणे सुरू होते. आयफोनचा सिम्युलेटर केवळ अॅपलच्या मॅक संगणकावर, एक्सकोड या साधनसंचासोबत चालतो. या दोहोंवर बाहेरून ‘येथे स्पर्श कर’, ‘ही अक्षरे टाईप कर’, ‘पडद्याचे चित्र दे’ अशा आज्ञा देण्यासाठी जे मुक्त साधन सर्वाधिक प्रचलित आहे ते अॅपियम होय. डॅन क्वेलर यांनी २०१२ मध्ये त्याचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला केला. त्यापूर्वी जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये वेबसाइटच्या चाचणीसाठी सेलेनियम निर्माण केले होते; अॅपियमने तीच आज्ञापद्धती मोबाइलकडे नेली. या पद्धतीला पुढे ‘वेबड्रायव्हर’ या नावाने वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमने जून २०१८ मध्ये मानकाचा दर्जा दिला. एजंटांना अशी साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली संकेतपद्धती जाहीर केली आणि त्यानंतर मोबाइल सिम्युलेटर हाताळणारे अनेक सर्व्हर त्या पद्धतीने लिहिले गेले.

म्हणजे एजंटाची आज्ञा प्रथम त्याच्या साधन-सर्व्हरकडे, तेथून अॅपियमकडे, तेथून त्या त्या प्रणालीच्या चालकाकडे, तेथून उपकरणाशी बोलणाऱ्या सेतूकडे, मग सिम्युलेटरकडे आणि अखेरीस अॅपकडे जाते. एकूण सहा कड्या झाल्या. प्रत्येक कडी १०० पैकी ९९ वेळा बिनचूक चालते असे धरले, तरी सहाही कड्या एकाच वेळी ठीक असण्याची संभाव्यता सुमारे ९४ टक्के होते. प्रत्येक कडीची विश्वसनीयता ९५ टक्के असेल, तर संपूर्ण साखळीची जेमतेम साडेत्र्याहत्तर टक्के उरते. संभाव्यतेच्या गुणाकाराचा हा साधा नियम परीक्षेत गणित म्हणून सोडविला जातो. प्रशासनात मात्र प्रत्येक विभाग आपापल्या ९५ टक्क्यांवर समाधानी असतो आणि नागरिकाच्या वाट्याला तो गुणाकार येतो.

जिवंत असणे आणि सज्ज असणे

प्रकृती-तपासणीतील सर्वांत महत्त्वाचा भेद एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. मध्य प्रदेशात मार्च २०२३ मध्ये मुख्यमंत्री लाडली बहना योजना सुरू झाली आणि तिचा १,००० रुपयांचा पहिला हप्ता १० जून २०२३ रोजी जबलपूर येथील कार्यक्रमातून सुमारे सव्वा कोटी महिलांच्या खात्यांत वर्ग करण्यात आला. या योजनेची एक अट अशी होती की महिलेचे स्वतःचे बँक खाते असावे, ते आधारशी जोडलेले असावे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी सक्रिय असावे. खाते असणे वेगळे आणि ते लाभ स्वीकारण्यास सक्रिय असणे वेगळे, हे त्या महिन्यांत घरोघरी कळले. पासबुक आहे, पैसे भरता-काढता येतात, तरीही हप्ता येऊ शकत नाही, ही स्थिती अनेकींना प्रथम चमत्कारिक वाटली. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली तेव्हा तेथेही आधार-जोडणीचा हाच प्रश्न पुढे आला.

सर्व्हरच्या बाबतीत हाच भेद ‘जिवंत’ आणि ‘सज्ज’ या दोन शब्दांनी दाखवितात. प्रक्रिया सुरू आहे आणि हाक मारली असता ओ देते, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे. सांगितलेले काम आत्ता करू शकतो, म्हणजे तो सज्ज आहे. मोठ्या संगणक-समूहांचे व्यवस्थापन करणारी कुबरनेटीस ही प्रणाली या दोहोंची तपासणी निरनिराळी करते, कारण दोहोंवरील उपायही निरनिराळे आहेत. जिवंत नसलेल्याला पुन्हा सुरू करावे लागते. सज्ज नसलेल्याकडे काही काळ काम पाठवू नये, एवढे पुरते.

मोबाइल सिम्युलेटरच्या संदर्भात या भेदाची गफलत सहज होते. अँड्रॉइडच्या जोडणी-साधनाला ‘कोणती उपकरणे जोडलेली आहेत’ असे विचारले की ते यादी देते आणि एम्युलेटरपुढे ‘उपकरण’ असा शेरा लिहिते. नवशिक्या माणूस येथेच थांबतो. प्रत्यक्षात हा शेरा जोडणी झाल्याचा असतो. आतील अँड्रॉइड प्रणाली अद्याप सुरू होत असली तरीही तो तसाच दिसतो. प्रणाली पूर्ण सुरू झाल्याची खूण वेगळी आहे आणि ती वेगळी विचारावी लागते. अॅपियमचेही तसेच. वेबड्रायव्हर मानकात ‘स्थिती’ नावाची एक आज्ञा आहे. तिच्या उत्तरात ‘सज्ज’ हा रकाना हो किंवा नाही असा भरून येतो. मानकानुसार या रकान्याचा अर्थ मर्यादित आहे: नवे सत्र सुरू करता येईल की नाही, एवढेच त्यातून कळते. उत्तर ‘हो’ आले तरी सिम्युलेटर चालू आहे, त्यात अॅप बसविलेले आहे, पडदा गोठलेला नाही, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. उलट, एक सत्र आधीच चालू आहे आणि दुसऱ्याला जागा नाही, तर पूर्णपणे निरोगी साधनही मानकाप्रमाणे ‘नाही’ असे उत्तर देईल. व्यग्र असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हा मुद्दा येथे लक्षात ठेवावा, कारण त्याची अतिशय मोठी किंमत या देशाने एकदा मोजली आहे.

बिना–ग्वाल्हेर वाहिनीचा धडा

मध्य प्रदेशच्या वीजजाळ्याचे नियंत्रण करणारे राज्य भार प्रेषण केंद्र जबलपूरला आहे. जाळ्याची प्रकृती अहोरात्र पाहणे हेच त्याचे काम. म्हणून जबलपूरमध्ये हे उदाहरण देणे योग्य होईल. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. त्या वेळी त्यावर सुमारे ३६,००० मेगावॉट भार होता. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन विभागीय जाळी कोसळली आणि सुमारे ४८,००० मेगावॉटचा पुरवठा थांबला. दोन्ही दिवशी आरंभ झाला तो सागर जिल्ह्यातील बिना येथून ग्वाल्हेरकडे जाणाऱ्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीपासून.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीने जे सांगितले ते मननीय आहे. त्या वाहिनीवर कोणताही दोष निर्माण झालेला नव्हता. वाहिनीचे रक्षण करणारा रिले दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोष ओळखतो. दोष आला की दाब घसरतो आणि प्रवाह वाढतो. परंतु वाहिनीवर अतोनात भार आला तरीही दाब घसरतो आणि प्रवाह वाढतो. पश्चिम विभागातून उत्तरेकडे प्रचंड वीज ओढली जात होती, दोन विभागांमधील इतर महत्त्वाच्या वाहिन्या बंद होत्या आणि हीच एक मुख्य वाहिनी उरली होती. भार रिलेच्या दोष-मर्यादेत शिरला, रिलेने त्यास दोष समजून वाहिनी तोडली आणि तिचा भार ज्या वाहिन्यांवर गेला त्याही क्रमाने तुटत गेल्या. प्रकृती तपासणाऱ्या यंत्रानेच थकलेल्या पण काम करीत असलेल्या वाहिनीला मृत ठरविले, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

मॅक संगणकावर एकाच वेळी आठ-दहा सिम्युलेटर चालत असताना प्रत्येक उत्तर मंदावते. ‘एका सेकंदात उत्तर आले नाही तर सर्व्हर मृत समजावा’ असा नियम तपासणी-साधनात असेल, तर ते सर्वांत व्यग्र सर्व्हर प्रथम बंद करील. त्याचे काम उरलेल्यांवर जाईल. ते अधिक मंदावतील. मग त्यांचाही क्रम लागेल. येथे वीज नाही, तारा नाहीत, परंतु कोसळण्याचा क्रम तोच आहे.

या प्रसंगाची दुसरी बाजूही नमूद करावयास हवी. दोन्ही दिवशी पश्चिम विभागाचे जाळे टिकले, कारण ते कोसळणाऱ्या भागापासून विलग झाले. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र त्या जाळ्यात होते. विलग होण्याची सोय ही प्रकृती-तपासणीइतकीच महत्त्वाची असते. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि एकच राष्ट्रीय जाळे अस्तित्वात आले. त्या जाळ्याला एक नैसर्गिक देणगी आहे: वारंवारता. ५० हर्ट्झच्या आसपासचा तो एक आकडा सोलापूरला मोजा की जबलपूरला, मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसतो आहे की नाही हे तत्काळ कळते. संगणक-सर्व्हरांना अशी एकमेव, सर्वत्र सारखी नाडी नसते. ती मुद्दाम बांधावी लागते, म्हणून तपासणीची साधने निर्माण करण्यावर खर्च करावा लागतो.

तपासणीचाही भार असतो

‘तपासणी जितकी अधिक तितके चांगले’ हा समज किती फसवा आहे, हे १२ एप्रिल २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवशी देशभर युपीआयचे व्यवहार काही तास विस्कळीत झाले. ज्या व्यवस्थेतून त्याआधीच्या मार्च महिन्यात १,८०० कोटींहून अधिक व्यवहार झाले होते, तिच्याविषयी ही गोष्ट आहे. भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने केलेल्या कारणमीमांसेतून पुढे आलेली माहिती अशी की, काही बँकांकडून ‘अमुक व्यवहाराचे काय झाले’ अशी स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा लोट आला आणि त्याखाली यंत्रणा दबली. पैसे पाठविण्याच्या मागणीपेक्षा पैसे पोहोचले का या चौकशीनेच अडथळा उत्पन्न केला! यानंतर महामंडळाने अशा चौकशांवर मर्यादा घातल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपवरून दिवसातून ५० पेक्षा अधिक वेळा खात्यातील शिल्लक पाहता येत नाही आणि जोडलेल्या खात्यांची यादी २५ पेक्षा अधिक वेळा मागविता येत नाही.

हे उदाहरण एजंटांच्या बाबतीत अधिकच लागू पडते. माणूस एकदा, दोनदा विचारतो आणि कंटाळून चहा प्यायला जातो. एजंटाला कंटाळा येत नाही. ‘तयार आहे का’ हा प्रश्न तो सेकंदागणिक विचारू शकतो आणि असे पन्नास एजंट असले तर सिम्युलेटरचा बराचसा वेळ ‘तयार आहे’ हे सांगण्यातच जाईल. शिवाय प्रत्येक वेळी पडद्याचे चित्र मागवून ते भाषा-प्रारूपाकडे वाचण्यास पाठविले तर त्याचे मूल्य चुकवावे लागते. यास्तव शहाणे साधन उथळ आणि सखोल अशा दोन पातळ्या ठेवते. सर्व्हर ओ देतो का, ही उथळ तपासणी स्वस्त असल्याने वारंवार करता येते. सिम्युलेटर पूर्ण सुरू आहे का, चालकाची आवृत्ती प्रणालीच्या आवृत्तीशी जुळते का, डिस्कवर जागा आहे का, एखादे निरुपद्रवी पाऊल उचलल्यावर पडदा खरोखर बदलतो का, ही सखोल तपासणी महाग असते. ती सत्राच्या आरंभी आणि शंका आल्यावर करावी. सीमांत लाभ आणि सीमांत खर्च जेथे जुळतात तेथे थांबावे, हा नियम येथेही चालतो.

गोठलेल्या पडद्याची शंका येथे स्वतंत्रपणे सांगितली, कारण एजंटाला सर्वाधिक फसविणारा दोष तोच आहे. सिम्युलेटर गोठला तरी शेवटचे चित्र देत राहू शकतो. समोर बसलेल्या माणसाला ते लगेच कळते. घड्याळ पुढे सरकत नाही, गोल फिरणारी खूण थांबलेली असते. एजंट मात्र तेच जुने चित्र नवे समजून वाचतो, बटण दाबल्याचे मानतो, काही घडले नाही हे पाहून पुन्हा दाबतो आणि अखेरीस ‘अॅपमधील अर्ज सादर करण्याचे बटण चालत नाही’ असा सुबक अहवाल लिहून मोकळा होतो. अहवालाची भाषा निर्दोष असते, निष्कर्ष चुकीचा असतो. तो वाचून दोष नसलेल्या जागी दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांचे दिवस वाया जातात.

चुकांचे दोन प्रकार

संख्याशास्त्रात चुकांचे दोन प्रकार शिकविले जातात. निरोगी असताना आजारी म्हणणे हा पहिला. आजारी असताना निरोगी म्हणणे हा दुसरा. समजा, सर्व्हरच्या १,००० तपासण्यांपैकी १० वेळा तो खरोखर बिघडलेला असतो. साधन त्यांपैकी ९ बिघाड पकडते, परंतु निरोगी असलेल्या ९९० वेळांपैकी ५ टक्के वेळा, म्हणजे सुमारे ५० वेळा, खोटी हाकाटी करते. एकूण इशारे ५९ झाले. त्यांतील खरे ९. म्हणजे प्रत्येक शंभर इशाऱ्यांत जेमतेम १५ खरे. ‘९५ टक्के अचूक’ म्हणून विकत घेतलेल्या साधनाची ही स्थिती असते आणि त्यात साधनाचा दोष नसून बिघाड मुळात विरळ असल्याचा तो परिणाम असतो. वैद्यकीय चाळणी-चाचण्यांबाबतही हेच गणित असून बेझच्या प्रमेयाचे यापेक्षा सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

दोनदा सलग इशारा आल्यासच तो मानावयाचा असे ठरविले आणि दोन्ही तपासण्या परस्परांपासून स्वतंत्र असल्या, तर खरे इशारे सुमारे ८ उरतात आणि खोटे अडीचवर येतात. कुबरनेटीसमध्येही सलग तीन अपयशांनंतरच निर्णय घेण्याचा पूर्वनिश्चित संकेत आहे. मात्र ‘स्वतंत्र’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. दोन्ही खोटे इशारे एकाच अतिभारामुळे आले असतील तर दुसरा इशारा पहिल्याला पुष्टी देत नाही. बिना–ग्वाल्हेर वाहिनी सलग दोन दिवस त्याच कारणाने तुटली, हे विसरू नये.

तपासणारा आणि उपचार करणारा

घमापूरपासून जवळच १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाडी कारखाना आहे. १५५ मिलिमीटरची धनुष तोफ तेथेच तयार होते. पहिल्या सहा तोफा ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराकडे सुपूर्द झाल्या. या कारखान्यांच्या परंपरेतील एक गोष्ट येथील रहिवाशांना नवी नाही: माल बनविणारा आणि माल पारखणारा एक नसतो. पारख करण्याचे काम संरक्षण उत्पादन विभागाच्या स्वतंत्र गुणवत्ता आश्वासन महासंचालनालयाकडे राहिले आहे आणि शस्त्रास्त्रांसाठीचे त्याचे नियंत्रणालय जबलपूरला आहे. तोफेच्या नळीची कसोटी केवळ मापाच्या पट्टीने पूर्ण होत नाही, ती प्रत्यक्ष गोळा डागूनच होते. त्यासाठी खमारियाला चाचणी-क्षेत्र आहे.

अर्थशास्त्रात याचे विवेचन प्रधान–अभिकर्ता सिद्धान्तात येते. मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी १९७६ मध्ये दाखविले की, दुसऱ्याकडून काम करवून घेताना देखरेखीचा खर्च अटळ असतो. कंत्राटांच्या सिद्धान्तावरील कार्यासाठी ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ चे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. इंग्रजीतला ‘एजंट’ हा शब्द दोन्ही शास्त्रांत एकच असावा हा योगायोग मोठा बोलका आहे. फरक असा की, मानवी अभिकर्ता स्वार्थापोटी काम टाळील अशी धास्ती असते. यंत्र-अभिकर्ता सोपविलेले काम कसेही करून पूर्ण दाखविण्याकडे झुकेल अशी धास्ती असते.

म्हणून तपासणी-साधन केवळ वाचणारे असावे. त्याने काही बदलू नये. सिम्युलेटर अडकला असे दिसताच त्यातील सर्व मजकूर पुसून नव्याने सुरू करण्याची आज्ञा उपलब्ध आहे आणि ती बहुधा उपयोगीही ठरते. परंतु त्या पुसण्याबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो. निदान एका साधनाने करावे, उपचार दुसऱ्याने करावा, आणि पुसण्यासारख्या उपचाराला माणसाची संमती लागावी. साधनाचे उत्तरही नेमके हवे. ‘त्रुटी’ एवढाच शब्द एजंटाला दिला तर तो तर्क लढवीत बसतो. कोणती कडी तुटली, कोणत्या कड्या तपासून ठीक आढळल्या, कोणत्या तपासल्याच गेल्या नाहीत, असे तीन भाग उत्तरात असावेत. ‘तपासले नाही’ आणि ‘ठीक आहे’ या दोन गोष्टी एकत्र मिसळणे हा अहवाल-लेखनातील सर्वांत जुना आणि सर्वांत घातक दोष आहे. सरकारी निरीक्षण-अहवालांतही तो आढळतो.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात एवढेच की, निदानाच्या अहवालात संगणकाच्या परिसरातील गुप्त किल्ल्या आणि परवलीचे शब्द उघडे पडू नयेत, आणि चाचणीसाठी खऱ्या नागरिकांची माहिती वापरू नये. संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या असतात.

मोजमाप कोठे घ्यावे

सेवा-करारांत उपलब्धतेची टक्केवारी लिहिलेली असते. ९९ टक्के म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास बंद. पावणेनऊ तास हा आकडा लहान वाटतो, पण तो कचेरीचा एक पुरता दिवस आहे. हप्ता जमा होण्याचा किंवा परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवसच तो असला, तर वर्षभराच्या ९९.९ टक्क्यांचा अर्जदाराला काय उपयोग? करार मात्र पाळला गेलेला असतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण येथे आठवते: एखाद्या निर्देशकावर नियंत्रणाचा भार टाकला की तो निर्देशक आपली विश्वसनीयता गमावू लागतो. सर्व्हर ओ देतो का यावर देयक मिळणार असेल, तर ओ देणारे सर्व्हर बनतील. किती नागरिकांचे काम पहिल्या खेपेस पूर्ण झाले, यावर देयक ठरविणे अवघड असते. मोजमापाचा खर्च वाढतो, वाद होतात. तरीही सार्वजनिक सेवांच्या करारांत तेच मोजमाप हवे. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत १९८० पासून मानकीकरण, चाचणी आणि गुणवत्ता प्रमाणन संचालनालय कार्यरत आहे. एजंटांनी केलेल्या चाचण्यांचे अहवाल ग्राह्य धरण्यापूर्वी त्यांच्या साधनांची प्रकृती तपासली होती का, ही नोंद बंधनकारक करण्यास अशीच एखादी त्रयस्थ यंत्रणा योग्य ठरेल.

अखेरीस सिम्युलेटरच्या मर्यादेविषयी. साखळीतील सहाही कड्या निरोगी असल्या, तपासणीचे प्रत्येक उत्तर अचूक असले, तरी सिम्युलेटर हा वेगवान संगणकावर चालणारा मोबाइल आहे. मंद नेटवर्कची नक्कल त्यावर करता येते. पण चार वर्षे वापरलेल्या स्वस्त फोनची भरलेली साठवण, उन्हात न दिसणारा पडदा, अर्धवट पोहोचणारे सिग्नल आणि बोटांचे ठसे घेणारे बाहेरून जोडलेले यंत्र यांचा अनुभव त्यावर येत नाही. ज्या मजूर स्त्रीच्या बोटांचे ठसे विटा वाहून झिजलेले आहेत, तिचा अर्ज सिम्युलेटरवर प्रत्येक वेळी यशस्वी होतो. म्हणून एजंटांच्या चाचण्यांनंतर निदान थोड्या तरी चाचण्या खऱ्या, जुन्या, स्वस्त फोनांवर आणि खऱ्या हातांनी कराव्या लागतात. त्यांचा खर्च प्रकल्प-अंदाजपत्रकात आरंभीच स्वतंत्र शीर्षाखाली दाखविलेला असावा, कारण तो मागाहून मागितला तर बहुधा मंजूर होत नाही.